गेमला लावलेलं खोबरेल

माझा भाऊ मस्कतहून पहिल्यांदा रजेवर आला तेव्हा त्याने सगळ्यांसाठी काही ना काही आणलं. आईला साडी, मला घड्याळ, शेजाऱ्यापाजाऱ्यांना साबण, आणि घराला चक्क रंगीत टीव्ही. बाबांसाठी तीन सेलची लांबलचक बॅटरी होती, होडीवर उपयोगी पडेल अशी. ती त्याने आईच्या हातात दिली आणि आईने ती बाबांच्या उशाशी नेऊन ठेवली. बाप आणि मुलगा यांच्यात जेमतेम चार पावलांचं अंतर होतं, पण दोन वर्षं ते एकमेकांशी बोलत नव्हते.

आम्ही मिठबावचे, मासे मारून पोट भरणारे. दादा तीन वर्षं बाबांच्या होडीवर गेला होता आणि पुढेही जाणार हे आमच्या घरात सूर्य उगवण्याइतकं ठरलेलं होतं. मग एके दिवशी तो कणकवलीला जातो म्हणून गेला आणि मस्कतच्या बंदरातली नोकरी पक्की करून आला. पासपोर्ट कधी काढला, कोणाच्या ओळखीने काढला, बाबांना पत्ता नव्हता. बाबा एवढंच म्हणाले, "हयसरचो दर्यो आटलो काय?"

"आटाक नाय, पण पुरणा नाय," दादा म्हणाला. पुढे दोघांनीही तोंडाला कुलूप घातलं. खाण तशी माती.

तेव्हापासून मी त्यांची टपाल कचेरी झाले. "त्येका सांग, जेवान थंड होता," बाबा मला सांगायचे, दादा तिथेच पाटावर बसलेला असताना. "त्येंका सांग, इलंय," असं दादा मलाच सांगायचा. माझा स्वभाव मुळात तापट, त्यात ही बिनपगारी नोकरी. एकदा मी दोघांनाही म्हटलं की आता प्रत्येक निरोपाला तिकीट लावा. कोणी हसलं नाही.

टीव्ही लावून झाल्यावर दादाने बॅगेच्या तळातून एक काळं खोकं काढलं. त्याला आम्ही टीव्ही गेम म्हणायचो. वर चार खटके, मध्ये एक चीर, त्या चिरेत पितळी दातांची कॅसेट दाबून बसवायची. दोन वायरींच्या टोकांना दोन दांडे, प्रत्येकावर एक लाल बटण. टीव्हीच्या पाठीमागची अँटेनाची वायर काढून तिथे खोक्याची वायर जोडायची, म्हणजे बातम्यांच्या जागी आपला खेळ दिसायचा. दुसऱ्यांचे भाऊ टेपरेकॉर्डर आणायचे, मिक्सर आणायचे. आमच्या भावाने हे आणलं. दुकानात उभ्याउभ्या एक तास खेळून बघितलं आणि मग घेतलं, असं त्याने कबूल केलं. कॅसेटी दोनच होत्या. विमानं पाडायची एक, आणि दुसरी मासे धरायची.

"मासे कित्याक?" मी विचारलं. "आमी काय कमी बघतंव?"

"दुकानात गावली म्हणान घेतलंय," तो म्हणाला आणि वायर जोडायला वाकला.

मासे धरायच्या खेळात पडद्याच्या दोन टोकांना दोन माणसं गळ टाकून बसलेली. मध्ये निळं पाणी, त्यात मासे. खोलवरच्या माशाला जास्त गुण. आणि वरच्या थरात एक काळी मोरी, म्हणजे शार्क, सारखी येरझारा घालायची. तुम्ही मासा वर खेचलात आणि ती आडवी आली की घास गेला. ज्याचे गुण आधी भरतील तो जिंकला.

आई मालवणच्या बाजारातून टोपली रिकामी करून आली की हात धुऊन थेट गेमपुढे बसायची. पहिल्या दिवशी तिने सगळं नीट बघून घेतलं आणि विचारलं, "ती मोरी धरूक गावणा नाय?"

"नाय गो आये. मोरी फकत खाता."

"मगे ह्यो कसलो खेळ? बांगडे धरूचे आणि मोरी सोडूची?" तिला ते शेवटपर्यंत पटलं नाही. पण आठवड्याभरात ती मला हरवायला लागली. मी चिडून दांडा आपटला तर म्हणायची, दांडा मोडला तर मासे आपणहून येणार नाहीत. मला हरणं कधीच सोसलेलं नाही, आणि आईकडून हरणं तर नाहीच नाही.

खेळ चालू असेपर्यंत बाबा घरात यायचे नाहीत. बाहेर खळ्यात, म्हणजे अंगणात, जाळं घेऊन बसायचे. पण खिडकी उघडी असायची, आणि जाळं दुरुस्त करणाऱ्या माणसाचं तोंड दर वेळी खिडकीकडेच कसं असतं, हे काही मी विचारलं नाही. दादाने घाईने गळ वर ओढला की बाहेरून आवाज यायचा, "घाय कित्याक? मासो नीट घास घेवंदे." हे माडाला सांगितलेलं असायचं. दादा पुढच्या वेळी जरा थांबायचा, आणि मासा यायचा. पण तोही माडाला काही उत्तर द्यायचा नाही.

मे संपता संपता दादा निघाला. जाताना गेम माझ्या ताब्यात दिला. "आठवड्यातसून एकदा चालू कर, वायच गरम होवंदे," तो म्हणाला. "खारी हवा आसा. आणि कॅसेटीचे दात हातान पुसू नको." मी मोठ्या तोंडाने हो म्हटलं. पुढच्या वर्षीच्या चतुर्थीला येतो म्हणाला. बाबांना तो निघाल्याचं मीच जाऊन सांगितलं. ते होडीवर पावसासाठी माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप चढवत होते. त्यांनी मान हलवली.

ते वर्ष बरं गेलं. मी गेम चालू करायची, आईकडून हरायची, बंद करायची. पण पुढच्या उन्हाळ्यात माझी परीक्षा, मग आंबे, मग पाऊस. मी तो पत्र्याच्या पेटीत घालून माळ्यावर ठेवला आणि साफ विसरले. खोटं कशाला बोलू, आईकडून हरण्याचा कंटाळाही आला होता.

चतुर्थी आठ दिवसांवर आली तेव्हा आठवण झाली. पेटी उघडली तर आतून खोबऱ्याचा वास. कॅसेटी तुळतुळीत. त्यांचे पितळी दात तेलाने चमकत होते, खोक्याच्या चिरेतही तेल, आणि त्या तेलाच्या वासाने आलेल्या मुंग्यांची रांग थेट पेटीच्या कोपऱ्यापर्यंत. मी कॅसेट पुसून लावली. पडद्यावर नुसत्या आडव्या रेघा.

मी स्वयंपाकघरात जाऊन आईवर तोंड सोडलं. घरात तेलाची बाटली तिच्याच हातात असते, दुसरं कोण असणार? यंत्र म्हणजे काय डोकं आहे का, तेल थापायला? आई शांतपणे नारळ खवत होती. माझं सगळं बोलून झाल्यावर तिने विळीवरचा हात थांबवला.

"माका काय याड लागलाहा? ह्या घरात पावसाच्या आधी तेल कोण लावता, ता तुका म्हायती नाय?"

बाबा. दर वर्षी मे अखेरीला होडी वर घेतली की बाबा तेलाची वाटी आणि चिंधी घेऊन सगळ्या घरातून फिरायचे. नांगर, कोयता, विळी, अडकित्ता, आईचं शिवणयंत्र, दाराच्या बिजागऱ्या, माझ्या सायकलची साखळी. पावसाळ्यात आमच्याकडे ज्या लोखंडाला तेल नाही ते लोखंड दिवाळी बघत नाही. माळ्यावरचे झाप काढायला चढले असतील, पेटी दिसली असेल, आतलं पितळ बघितलं असेल. ज्या वस्तूला त्यांनी वर्षभर हात लावला नव्हता, तिचा एकेक दात त्यांनी चिंधीने पुसला होता. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

मी आईची माफी मागितली, जी मी फारशी मागत नाही. मग आम्ही दोघी चुलीपाशी बसलो आणि खरी भीती बोलून दाखवली. दादा येणार, गेम लावणार, बंद पडलेला बघणार आणि विचारणार. तेल बाबांनी लावलं हे कळलं तर त्याला वाटणार, मुद्दाम केलं. मस्कतहून आणलेली वस्तू म्हणून राग काढला. तीन वर्षांचं न बोलणं मग जन्माचं होऊन बसलं असतं. आणि गेम बिघडल्याचं बाबांना सांगायलाही आमची जीभ रेटेना.

दुसऱ्या दिवशी पिशवीत गेम, वर दोन नारळ आणि टॉवेल, असं घेऊन मी एसटीने कणकवलीला गेले. बाजारात रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा एक जण होता. त्याने खोकं उघडलं, आत नाक घातलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "बाय, ह्येच्यात फोडणी कोणी घातल्यान?"

मला भयंकर राग आला. माझ्या बाबांना मी हसेन, ह्याने का हसावं? पण गरज माझी होती. तो म्हणाला, तेलातून करंट जात नाही, आत काही जळलेलं नाही, फक्त पुसायला हवं, आणि चतुर्थीच्या तोंडावर त्याच्याकडे लोकांच्या टीव्हींचा ढीग आहे. मग त्याने मला स्पिरिटची छोटी बाटली दिली आणि नारळ ठेवून घेतले.

पुढचे दोन दिवस मी झाडूचा एकेक हीर काढून त्याच्या टोकाला कापूस गुंडाळत होते. हीर स्पिरिटमध्ये बुडवायचा, चिरेत घालायचा, एकेक दात पुसायचा, कापूस फेकायचा, नवा घ्यायचा. कॅसेटचे दात खोडरबराने घासले. अर्धा झाडू संपला. तिसऱ्या दिवशी बाबा बाजारात गेलेले बघून मी गेम लावला, आणि निळं पाणी आलं. मी इतक्या जोरात आईला हाक मारली की शेजारीण धावत आली. एक दांडा डावीकडे नीट वळत नव्हता. पण मासे होते, मोरीही होती. फक्त तो वास काही केल्या जाईना.

दादा चतुर्थीच्या आदल्या दिवशी आला. गणपतीवर फळाफुलांची माटवी बांधून झाली, गणपती बसले, जेवणं झाली, आरत्या झाल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने टीव्हीची वायर काढली. मी माझ्या मनात उत्तर तयार ठेवलं होतं. त्याने कॅसेट हातात घेतली, चिरेशी नेली आणि थांबला. ती नाकाशी धरली.

"ह्येका खोबरेल कोणी लावल्यान?"

"मी लावलंय," मी म्हटलं. "गंज येतलो म्हणान."

आईने पदर तोंडाला लावला. बाबा उंबऱ्यावर बसून निर्माल्यासाठी टोपली विणत होते. त्यांनी टोपली खाली ठेवली.

"तिना लावक नाय," ते म्हणाले. "मिया लावलंय. पावसात पितळेक, लोखंडाक तेल लावूचा लागता. तीन वर्सा माझ्या होडयेर होतंस, तुका म्हायती नाय?"

तुका. मध्ये मी नव्हते, आई नव्हती, माडही नव्हता. दादा कॅसेटकडे बघत राहिला.

"म्हायती आसा," तो म्हणाला. "पण ह्येका लावूचा नसता, बाबा."

"मगे जाताना माका सांगूचा होता."

बाबा गेमबद्दलच बोलत होते, पण ते तीन वर्षं पोटात ठेवलेलं वाक्य होतं, हे आम्हा चौघांनाही कळलं. मला रडू फुटलं आणि रडू फुटल्याचा रागही आला. दादाने कॅसेट खाली ठेवली, उठून उंबऱ्यापाशी गेला आणि बाबांच्या शेजारी टेकला.

"चुकला माझा," तो म्हणाला. "सांगूचा होता."

बाबांनी टोपलीची एक काडी सरळ केली. मग विचारलं, "बिघाडला काय ता?"

"नाय. चलता."

"मगे लाव. बघूंया."

बाबांनी नेमका तो डावीकडे न वळणारा दांडा उचलला. आई म्हणाली तो नको, दुसरा घ्या, पण त्यांनी ऐकलं नाही. ते इतका वेळ थांबायचे की दादाचे पाच मासे होईपर्यंत त्यांचा एक. मोरीने त्यातलेही निम्मे खाल्ले. "ही मोरी धरूक गावणा नाय?" त्यांनी विचारलं, आणि आई म्हणाली, हेच मी सांगून थकले. बाबा सपाटून हरले, दांड्याला नावं ठेवली आणि पुन्हा बसले. मी माझी पाळी मागत होते, मला कोणी विचारलं नाही. माझी टपाल कचेरी त्या दुपारी बंद पडली होती.

पाच दिवसांनी गणपती गेले, त्यानंतर आठवड्याने दादा गेला. त्याला एसटीपर्यंत पोचवायला बाबा गेले.

पुढच्या वर्षी मे अखेरीला होडी वर आली, झाप चढले, बाबा वाटी आणि चिंधी घेऊन घरभर फिरले. त्या रात्री जेवण झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पेन मागितलं. दादाला पत्रं आजवर मी लिहायची, आई सांगेल तशी. बाबा चौथी शिकलेले, त्यांनी कधी कोणाला पत्र लिहिलेलं मी पाहिलं नव्हतं. सकाळी त्यांनी माझ्या हातात मस्कतला जाणारं पत्र दिलं, पेटीत टाकून ये म्हणून. ते चिकटवलेलं नव्हतं, म्हणून मी वाचलं. मोठ्या, एकेका अक्षरावर दाब दिलेल्या ओळी होत्या:

"तुझे मशीन उघडून पाहिले. कोरडे आहे. तेल लावलेले नाही. अजून काय करायचे ते मला कळव."

मी कडेला डिंक लावला, नीट दाबून बंद केलं आणि टाकून आले.