वन्संची यादी

आमच्या वन्संनी आजवर लिहिणारा माणूस बघून एकाही पुस्तकाला चांगलं म्हटलेलं नाही. त्यांच्याबद्दल एवढं एकच वाक्य सांगितलं तरी मुरबाड तालुक्यातली निम्मी ओळखीची माणसं मान डोलावतील आणि उरलेली निम्मी तोंड फिरवतील. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. मुरबाडच्या अलीकडे एका गावात त्यांची भाताची आणि पिठाची गिरणी आहे. त्यांचे यजमान गेल्यापासून त्या ती एकट्याच चालवतात. दुसऱ्या कुठल्याही गिरणीत जिथे देवाचं कॅलेंडर असतं, तिथे वन्संच्या गिरणीत एक कागद चिकटवलेला असतो. त्यावर सातवीपर्यंत शिकलेल्या बाईच्या ठसठशीत अक्षरात या वर्षी निघालेल्या, वाचण्याजोग्या पुस्तकांची नावं असतात आणि प्रत्येक नावापुढे एक शेरा. एका नर्सबाईंच्या आत्मकथनापुढे लिहिलं होतं, 'वाचा. रडू येईल, पण फसवून रडवलेलं नाय.' एका जाडजूड कादंबरीपुढे, 'आवणी उरकल्यावर वाचा, आधी घेतलीत तर शेत पडीक राहील.' आणि मोठा गाजावाजा झालेल्या एका कथासंग्रहापुढे, 'चार गोष्टी बऱ्या, बाकीच्या पानं भरायला.'

वन्सं फक्त नवी पुस्तकं वाचतात. जुनी चांगली आहेत हे सगळं जग सांगतंच, नव्याला कोण विचारतं, असं त्यांचं म्हणणं. नवी सून घरात आली की पहिल्या वर्षी तिला जेवलीस का म्हणून विचारणारं कुणीतरी लागतं, तसंच पुस्तकाचं. हे त्यांनी मला पटवून द्यायची गरज नव्हती. सापगावला या घरात मी लग्न होऊन आले तेव्हा सगळ्या पाहुण्यांनी साड्या दिल्या आणि वन्संनी त्याच महिन्यात निघालेलं, मधमाश्यांवरचं एक पुस्तक दिलं. सासूबाई आठ दिवस मुलीशी बोलल्या नाहीत. मी मात्र ते पुस्तक माळ्यावर बसून दोन दुपारींत संपवलं, आणि तेव्हापासून पुस्तकं मागवायचं काम माझ्याकडे आलं. कुरिअरवाला त्यांच्या गावापर्यंत जात नाही. मी शहापूरला पार्सल घेते आणि रविवारी नेऊन देते. पुढच्या रविवारी तेच पुस्तक परत बघावं तर पानापानांत नाचणीचं पीठ.

वाचायचं तर पूर्ण वाचायचं, हा त्यांचा दुसरा नियम. अर्धं वाचून नावं ठेवणं म्हणजे भात शिजायच्या आत कच्चा म्हणणं. एका कादंबरीची नायिका ज्येष्ठात भात कापत होती, तर वन्संनी लेखकाला कार्ड टाकून कळवलं की ज्येष्ठात आमच्याकडे अजून पेरणी चालू असते, तुमच्या बाईला विळा ठेवायला सांगा. लेखकाने उत्तर पाठवलं, चूक कबूल केली आणि पुढच्या आवृत्तीत महिना बदलला. वन्संनी ते उत्तर दोनदा वाचलं आणि माणूस सुधारण्यासारखा आहे, असा निर्वाळा दिला.

हे सगळं गमतीत चाललं होतं, तोवर त्यांच्या चुलत दिरांनी आत्मचरित्र लिहिलं. दीर म्हणजे तालुक्याच्या राजकारणात उभा जन्म घालवलेला माणूस. त्यांच्या शब्दावर गावात रस्ता कुठून वळायचा ते ठरे. पुस्तकाला आर्ट पेपर, रंगीत फोटो, मागच्या कव्हरवर त्यांचं शाल पांघरलेलं चित्र. प्रकाशनाच्या आधी एक प्रत वन्संकडे आली, सोबत निरोप की रविवारपर्यंत यादीत पहिलं नाव हे असावं. वन्संनी पुस्तक दोनदा वाचलं. रविवार गेला. यादी होती तशीच राहिली.

तेव्हा हे दीर, वन्संचे भावजी, स्वतः गिरणीत आले. मी त्या दिवशी पार्सल घेऊन गेले होते, म्हणून हे माझ्या डोळ्यांदेखत झालं. दळणाला बसलेल्या बायका उठून उभ्या राहिल्या. वन्संनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि गिरणी बंद केली.

"वहिनी, माझं नाव दिसत नाय यादीत," भावजी म्हणाले.

"नाय लावलं," वन्सं म्हणाल्या. "भावजी, या पुस्तकात तुमचा सत्कार अठ्ठावीस वेळा झालाय. मी मोजले. आणि तुमची आय एकदाच आलीय. आटगावला मोळी घेऊन जायची, एवढी एकच ओळ. तेवढीच ओळ मला आवडली."

भावजींचा चेहरा उतरला की चढला ते मला कळलं नाही. लहानपणी ते आटगावकडे मामाच्या गावाला राहत आणि आई डोक्यावरून लाकडं आणून स्टेशनाजवळ विकायला बसे, हे मला पुढे कधीतरी कळलं. त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "तिच्याबद्दल कोण वाचणार?"

"मी वाचीन," वन्सं म्हणाल्या.

भावजी उठून गेले. दुसऱ्या आठवड्यापासून दळणं पलीकडच्या गावात जायला लागली. कुणी उघड काही बोललं नाही. फक्त गिरणीसमोरची सायकलींची रांग नाहीशी झाली. माझे यजमान बहिणीला समजवायला गेले. खाली कोपऱ्यात एक ओळ लिहून टाक, तुझं काय जातं, म्हणाले. वन्संनी त्यांना जेवू घातलं आणि एवढंच विचारलं, की यादी एकदा खोटी केली, तर उद्या खऱ्या पुस्तकाला मी काय लिहू? उलट त्यांनी त्या महिन्यात यादी ठळक अक्षरात नव्याने काढली आणि आतली भिंत सोडून थेट दारावर लावली. धरणाखाली गेलेल्या गावांवरचं एक नवं पुस्तक तिच्यात सगळ्यात वर होतं. ते मागायला चारदोन बायका मागच्या दाराने येऊ लागल्या. आल्यासारख्या दळणही आणू लागल्या.

पाऊस सरून भाताला लोंब्या आल्या आणि एके दिवशी भावजी परत आले. खांद्यावर तांदळाची पिशवी, हातात शाळकरी वही. वही वन्संच्या हातात देऊन ते, वाचा, एवढंच म्हणाले. वहीत आई होती. ती मोळी कशी बांधायची, रानातून येताना कुठे टेकायची, गिऱ्हाईकाने घासाघीस केली की कशी हसायची, सगळं. वन्संनी चार ठिकाणी पेन्सिलीने खुणा केल्या. मोठमोठे शब्द काढा, म्हणाल्या, तुमची आय असं बोलत नव्हती. ज्या माणसाला तालुक्यात कुणी उलट बोलत नसे, तो माणूस खाली मान घालून शब्द खोडत बसला. मग दर आठ दिवसांनी ते येत, वहीत घालायला नवी पाचसहा पानं देत आणि दळण होईपर्यंत समोर बसून राहत. दळणं कधी परत आली ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

थंडीत भावजी आजारी पडले आणि पंधरा दिवसांत गेले. मुलांनी त्यांचं जुनं पुस्तक पुन्हा छापायचं ठरवलं, आणखी फोटो घालून. वहीबद्दल वन्संनी विचारलं तेव्हा ती तुमच्याकडेच राहू दे, असं मुलगे म्हणाले. वन्संनी वही यादीत घातली नाही. छापलेली नाही तर लावायची कशी, हा नियम. पण आता दुपारच्या वेळी त्या ती स्वच्छ अक्षरात उतरवून काढत असतात. यंदा छापून आणणारच, कोण अडवतो बघते, असं त्यांनी घरातल्या सगळ्यांना बजावलं आहे.

मागच्या रविवारी मी ती वही चाळली. आई पहिल्यांदा एसटीत बसते, खिडकीची जागा मिळते, कंडक्टर तिकीट विचारायला येतो आणि तिथेच लिखाण थांबतं. मी विचारलं, "वन्सं, पुढचं थोडं तुम्हीच लिहून टाका ना. तुम्हाला ठाऊक असेल."

वन्संनी वही माझ्या हातातून घेतली, वरचं पीठ पदराने पुसलं.

"त्यांना ठाऊक होतं," त्या म्हणाल्या, "मला इचारायचं राहून गेलं." आणि त्यांनी गिरणी चालू केली.