भिंतीत खिळा नाही

खोली दाखवतानाच मी संघमित्राला अट घातली, भिंतीत खिळा ठोकायचा नाही. आधीच्या भाडेकरूने भिंतीची चाळण केली होती. ती म्हणाली, "मले काही टांगाचंच नाही, आजी. माह्यं सामान सारं दुसरीकडं हाय." दुसरीकडे म्हणजे कुठे, ते मला पुढे कळले.

मुलगी तेल्हाऱ्याची. आई कापूस वेचणाऱ्या बायांची मुकादम. ही अमरावतीला माझ्या वरच्या खोलीत बसून पुण्याच्या कंपनीचे काम करायची. सकाळी कॉम्प्युटरवर काहीतरी उभे करायचे, संध्याकाळी आपणच पुसून टाकायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी चौथीपर्यंत शिकलेली. पण रोज सारवायचे आणि रोज उकरायचे हा मला वेडेपणा वाटला. तिला तसे तोंडावर सांगितले.

"माह्या मायचं पाहा न," ती म्हणाली. "कोणती बाई कोणत्या ओळीवर लावाची, ते माय ठरवते. एखादी चक्कर येऊन बसली का तिच्या ओळीवर दुसरी लावते, काम थांबू देत नाही. इथं बायांच्या जागी मशीनी हाय, अन् एकेक काम डब्यात भरून त्यायच्यावर ठेवलं हाय. हा सर्व्हर त्यायचा मुकादम. सध्या टेस्टचा हाय. आधी याले मोडून पाहाचं, मंग खरा उभा कराचा."

मशीनी म्हणे क्लाउडमध्ये, कुठेतरी दूर, भाड्याने घेतलेल्या. हेच तिचे दुसरीकडचे सामान. उन्हाळ्यात लाइट गेली की मी जिन्याखालून विचारायची, "गेला का व तुहा मुकादम?" वरून उत्तर यायचे, "तो चालूच हाय, आजी. मीच घामानं मरून राहिली."

"मोडू द्या न, मोडासाठीच तं उभं केलं," हे तिचे नेहमीचे. माझी कपबशी तिच्या हातून फुटली तेव्हाही तोंडातून तेच निघाले. मी म्हटले, "हे टेस्टचं नव्हतं." दिवसभर माझ्यासमोर आली नाही.

टेस्टचा सर्व्हर नीट चालला तर इथूनच काम करू देऊ, असे कंपनीने तिला सांगितले होते. दर शनिवारी ती बसने अकोल्यावरून आईकडे जायची. पुण्याहून ते जमणारे नव्हते. मलाही ती इथे हवी होती. तसे मी कोणाला बोलले नाही.

सर्व्हर दाखवायच्या दिवशी मी तिच्या दारात खुर्ची टाकून बसले. पडद्यावर पुण्याची माणसे. तिने चालती मशीन मुद्दाम बंद पाडली. हिरवी खूण लाल झाली. संघमित्राने ओढणीचे टोक मुठीत धरले होते. मग त्या मशीनवरची कामे एकेक करून दुसरीवर हिरवी झाली. साहेब म्हणाले, "छान. आता खरा सर्व्हर उभा करू. पण त्यासाठी तुम्ही पुण्यातच पाहिजेत."

मला राहवले नाही. "काय व, तो सर्व्हर या खोलीत हाय का?"

"नाही."

"पुण्यात हाय?"

"नाही, आजी."

"मंग तुले पुण्यात कायले बोलावते?"

तिकडे ऐकू गेले असावे. साहेब कागद चाळायला लागले. तिने आवाज बंद केला आणि म्हणाली, "मलेबी तेच पुसाचं होतं." पण विचारले नाही. घरात महिन्याचा पगार आणणारी तीच.

जायच्या सकाळी तिने मला वर बोलावले. टेस्टचा सर्व्हर पुसायचा राहिला होता. "तुमी दाबा, आजी."

"राहू दे न. काय खाते तो?"

"भाडं खाते. अन् टेस्टचं ठेवाचं नसते."

तिने दाखवले तिथे मी बोट दाबले. आवाज नाही, काही नाही. पडदा रिकामा झाला. मग तिने खोली झाडली, किल्ली माझ्या हातात दिली आणि ऑटोत बसली.

रविवारी फोन येतो. खरा मुकादम चांगला चालतो म्हणे. तेल्हाऱ्याला तीन महिन्यांत जाणे झाले नाही म्हणे. मी "जेवली का व?" विचारते आणि फोन ठेवते.

खोली अजून कोणाला दिली नाही. विचारायला येतात, मी भाडे इतके सांगते की परत जातात. परवा झाडायला वर गेले. चारी भिंतींवरून हात फिरवून पाहिला. कुठे काही नाही. पोरीने माझी अट पाळली. एखादा खिळा ठोकला असता तर काय भिंत पडणार होती?