विलासची चौथी गोष्ट

विलास गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते, "कोण बोलून राह्यलं?" आवाज ओळखला होता, नाव स्क्रीनवर दिसत होतं, तरी विचारलं. मग विचारलं, कुठं, केव्हा, तुले कोणी सांगितलं, तू स्वतः पाह्यलं का. पलीकडे नंदा, त्याची सख्खी धाकटी बहीण, रडत होती आणि मी तिची उलटतपासणी घेत होतो. माझा धंदाच तसा आहे. आर्वीच्या बाजारात मी कापूस पाहतो, ग्रेडर आहे. गाडीतला वरचा कापूस पांढराशुभ्र दिसला की मी कोपरापर्यंत हात आत घालतो, कारण ओला माल कुणी वर ठेवत नाही. वीस-बावीस वर्षं हेच केल्यावर माणूस घरीदारीही तसाच होतो. बायको म्हणते, तुम्ही देवळातला प्रसादसुद्धा वास घेऊन खाता. घेतो.

विलास एसटीच्या डेपोत होता, चौकशीच्या खिडकीत. आख्खी आर्वी त्याला आवाजावरून ओळखायची. बरीच वर्षं झाली, पुण्याला ट्रेनिंगला गेला होता तेव्हा खोलीतल्या सोबत्याकडून तो एक खेळ शिकून आला. कागद, पेन्सिल, फासे आणि तोंड, एवढंच सामान. एक जण खेळ चालवतो, गोष्ट सांगत जातो. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं, कुणी शिपाई, कुणी वैदू, आणि आता तू काय करतोस म्हटलं की उत्तर द्यायचं. जमलं की नाही ते फासा ठरवतो. पात्र टिकलं तर त्याची लेव्हल वाढते, अंगात बळ येतं. मला वाटलं, यात काहीतरी विकायचं असेल याला, विमा किंवा मेंबर जोडायच्या साखळीतला साबण. चार रविवार मी वाट पाहिली. साबण निघाला नाही, आणि मी अडकलो तो अडकलोच.

दर रविवारी दुपारी तीन वाजता, त्याच्या घराच्या मागच्या पडवीत. विलास, मी आणि नंदा. नंदाची गावाबाहेर भाजीची वाडी आहे. सकाळचा बाजार आटोपून ती यायची, हाताला मेथीचा वास तसाच. विलास खेळ चालवायचा आणि त्याचा एक नियम लोखंडी होता. प्रत्येकानं पहिल्या लेव्हलपासून सुरुवात करायची. पहिल्या लेव्हलचं पात्र म्हणजे काय, उंदीर चावला तरी जातं. माझा पहिला शिपाई विहिरीत वाकून पाहताना मेला. नंदानं एकदा थोडं वरून सुरू करू म्हटलं तर विलास म्हणाला, "विंचू मारता येत नाई अन् वाघाच्या गोष्टी करते. खालून ये." दहा-अकरा वर्षं हा माणूस तसूभर हलला नाही.

म्हणून पोरांच्या लाकडी बैलांचा तान्हा पोळा झाला त्यानंतरच्या रविवारी मी जे पाहिलं त्यानं माझे कान टवकारले. विलास त्याच्या जागेवर नव्हता. तिथं नंदा बसली होती. विलास माझ्या शेजारी, हातात कोरा कागद. आणि समोर शोभावहिनी, विलासची बायको, ज्यांनी इतकी वर्षं या खेळाला पोरकटपणा म्हणून नावं ठेवली त्या, पेन्सिलीला टोक काढत होत्या.

"आता नंदा चालवते," विलास म्हणाला. "अन् सगळे पाचव्या लेव्हलवरून सुरू."

"काऊन?"

"शोभा नवीन आहे. पयल्या लेव्हलले मेली तर परत बसणार नाई. तिच्यासाठी सगळ्यायले वरून."

एका दिवसात तीन बदल. खुर्ची सोडली, नियम सोडला, बायको बसवली. माल वरून फारच स्वच्छ होता, आणि मी हात आत घातला. मग एकेक सापडत गेलं. विलास एक मंगळवार सोडून दुसऱ्या मंगळवारी वर्ध्याला जात होता. काय काम म्हटलं तर "ऑफिसचं." डेपोत विचारलं तर त्या दिवशी त्याची रजा. मी पडवीत पाय ठेवला की नंदा आणि वहिनी बोलता बोलता थांबायच्या. मी हिशोब जुळवला. याची वर्ध्याला बदली ठरली आहे, तिकडे घर पाहून राह्यला, दोघींना माहीत आहे आणि मला, एवढ्या वर्षांच्या दोस्ताला, शेवटच्या दिवशी टेम्पो भरताना कळणार आहे. मला राग आला. विचारलंही तोंडावर, "बदली घेतली का बे?" तो म्हणाला, "तुहा हात काढ आधी कापसातून."

वरच्या लेव्हलला फुकट चढू द्यायचं नाही म्हणून त्यानं एक रीत काढली. पाचवीवर सुरू करायचं तर गाळलेल्या चार लेव्हलच्या चार गोष्टी, एका रविवारी एक, सांगायच्या, आपल्या पात्रावर आधी काय काय गुदरलं त्याच्या. प्रत्येक गोष्टीला दुसऱ्या खेळाडूनं "मी होतो तिथं" अशी साक्ष द्यायची आणि आपल्या पदरचा एक तपशील घालायचा. तो तपशील सांगणाऱ्यानं मुकाट घ्यायचा. साक्षीदारावर कुणी शंका घ्यायची नाही. साक्ष नसेल तर ती लेव्हल गेली. मी म्हणालो, हा नियम माझ्यासाठीच केला दिसतो.

विलासचं पात्र नावाडी होतं. त्याच्या तीन गोष्टी झकास झाल्या. पुरात म्हैस वाचवल्याची साक्ष मीच दिली, वर म्हैस लाथ मारून गेली असं घातलं. सगळे हसले. मग चौथी गोष्ट. हा नावाडी सोबत्यांसंगं काठावर मुक्कामाला होता. सकाळी सगळ्यांच्या आधी उठला, होडी सोडली आणि कुणाला न सांगता पलीकडे गेला. सोबती उठले, त्यांनी पाहिलं, पण कुणी त्याच्यावर रागावलं नाही. बस, एवढीच गोष्ट.

"भास्कर, तू होता नं तिथं?"

तो माझ्याकडेच पाहत होता. वहिनी चहा पाहते म्हणून उठल्या. मला समोर टेम्पो दिसत होता, भरलेला.

"मी नव्हतो," मी म्हणालो. "अन् रागावले नाई हे बी खोटं. न सांगता जाणाऱ्यावर मी रागावतोच."

तो नंदाला किंवा बायकोला विचारू शकला असता. विचारलं नाही. खोडरबरानं पाच पुसला आणि चार लिहिला. पुढचे सगळे महिने त्याचा नावाडी आमच्याहून एका लेव्हलनं कमजोर होता, प्रत्येक लढाईत आधी तोच पडायचा. मी त्याला हसायचो. शेवटच्या रविवारी तो मफलर गुंडाळून, पायाखाली उशी घेऊन बसला होता. मी म्हणालो, "वर्ध्याची हवा मानवली नाई वाटते." तो म्हणाला, "नाई मानवली."

आठ दिवसांनी नंदाचा तो फोन आला.

तेरवी झाल्यावर मी नंदाला तिच्या वाडीवर गाठलं. ती मेथीच्या जुड्या बांधत होती.

"कधीपासून माहीत होतं?"

"उन्हाळ्यापासून. पोटात गाठ होती. मंगळवारी वर्ध्याले त्याच्याच इलाजासाठी जात जाय."

"सगळ्यायले माहीत, अन् मले काऊन नाई?"

ती जुडी बांधत राहिली. "दादाच नको म्हणे. म्हणे, सगळे माह्याशी हळू बोलून राह्यले. भास्कर तेवढा भांडते. त्याले भांडू द्या."

हे ऐकून दुसऱ्या कुणाला बरं वाटलं असतं. मला वाटलं, ही माझं समाधान करायला बनवून सांगते आहे. विलास असं बोलला असेल? कुणासमोर? नेमके हेच शब्द? घरी येऊन मी पडून राहिलो आणि बायकोनं जेवायला उठवलं तर तिच्यावर ओरडलो. त्याचा राग येतो मला, अजून येतो. आणि मी त्याला काय विचारत होतो तर बदली झाली का... त्याच्या पायाला सूज होती हे मी पाहिलं होतं. लोकांच्या गाड्यांमध्ये कोपरापर्यंत हात घालणारा मी, शेजारी बसलेल्या माणसाच्या सुजलेल्या पायाकडे पाहून मला नवीन चप्पल चावल्याचा संशय आला होता.

गेल्या रविवारी वहिनींचा निरोप आला, तीन वाजता या. जाऊ नये असं वाटत होतं, गेलो. पडवीत नंदा होती, वहिनी होत्या. आपल्यामागंही आम्ही तिघं बसू एवढं विलासनं जमवून ठेवलं होतं, हे तेव्हा नीट समजलं. पाचवी लेव्हल वहिनींसाठी होती हे खरंच होतं. त्यांना खालून चढवत आणायला त्याच्याकडे तेवढे रविवार नव्हते.

नंदानं सगळ्यांचे कागद वाटले. विलासचा तिच्या हातात राहिला.

"याची चौथी गोष्ट तशीच राह्यली," ती म्हणाली. "भास्करदादा, तू देतं का साक्ष?"

द्यायची होती हो. तीन शब्दांचं काम. पण जीभ उचलेना.

"नाई नंदे. मी नव्हतो तिथं. मले कोणी उठवलंच नाई."

वहिनींनी हातातला फासा खाली ठेवला.

"मी होती तिथं," त्या म्हणाल्या. "तो होडीत बसला अन् परत उतरला. भास्करभाऊजी झोपले होते, त्यायचं पांघरूण सरकलं होतं. ते त्यानं नीट केलं. हलवून उठवावं म्हणून हात पुढं केला, अन् मांगं घेतला. मंग गेला."

मी वहिनींकडे पाहिलं. त्या कागदाकडे पाहत होत्या. हे आधीचं ठरलेलं होतं, की आत्ता सुचलं, की विलासच त्यांना कधीतरी असं काही बोलला होता... तोंडाशी आलेले प्रश्न मी मोजू शकलो असतो. नंदानं चार पुसला, पाच लिहिला आणि कागद आमच्या मध्ये ठेवला.

मी काही विचारलं नाही.