ब्रायडीचं रोमन खापर

जेरी गेले. फ्रेंच पोलिसांच्या हाती न लागता गेले.

आयर्लंडमध्ये, डंडॉकला मी पेमेंट्स कंपनीत नोकरी करते, पण डब्लिनला मास्टर्स केलं ते रोमन काळातल्या भांड्यांवर. हे शेजारच्या जेरींना कळल्यापासून त्यांच्या घरात कप फुटला की तुकडा तपासायला माझ्याकडे यायचा.

मागच्या वर्षी बटाट्याच्या वाफ्यात त्यांना एक लाल, तुकतुकीत खापर सापडलं.

माझ्याकडे यायच्या आधी ते पबमध्ये जाऊन आले. रोमन लोक आपल्या परसात येऊन गेले, असं सगळ्यांना सांगून.

मी बघितलं. खापर अस्सल होतं.

गुळगुळीत लाल लेप, तळाशी कुंभाराचा शिक्का. मी सांगितलं, दक्षिण फ्रान्समध्ये मियो नावाचं गाव आहे, तिथल्या भट्ट्यांतला हा माल. त्या काळी श्रीमंतांच्या पंगतीला लांबलांब जायचा.

"मियो?" म्हणत जेरी खाली बसले.

बायको ब्रायडी असताना दोघं कोच टूरने तिकडे गेले होते. ब्रायडीने शेताच्या कडेचा एक लाल तुकडा उचलला. जेरींनी तिला बसमध्ये सगळ्यांसमोर झापलं. पोलीस धरतील, फेकून दे.

फेकला, म्हणाली ती.

आणि घरी आणून कुंडीच्या तळाच्या भोकावर ठेवला. ती गेल्यावर जेरींनी तिच्या कुंड्या त्याच वाफ्यात रिकाम्या केल्या होत्या.

हे परत द्यायला हवं, मी म्हटलं. जेरी घाबरले. खापर किचनच्या कपाटात चहाच्या डब्यामागे गेलं. पबमध्ये कोणी रोमन लोकांची चौकशी केली की जेरी हवामानावर बोलायचे.

मग एका सकाळी दारात उभे.

"तिकिटं काढलीत. तू पण चल, तुला फ्रेंच येतं."

मला फ्रेंचमध्ये फक्त कॉफी मागता येते.

विमानतळावर सिक्युरिटीवाल्याने बॅगेकडे नुसतं बघितलं, तर जेरींनी आपणहून सांगून टाकलं की हे बायकोचं काम आहे.

मियोच्या म्युझियममधल्या बाईंनी इंग्लिशमध्येच सगळं ऐकून घेतलं, मनापासून आभार मानले आणि आम्हाला एका काचेपाशी नेलं. आत भट्टीत बिघडून एकमेकींना चिकटलेल्या ताटल्यांची चळत होती. असा माल कुंभारांनी खड्डेच्या खड्डे भरून टाकून दिला होता, त्या म्हणाल्या. तुमचा तुकडाही बहुतेक त्यातलाच.

जेरी काचेवर वाकले.

"म्हणजे कचरा?"

हो, पण फार सुंदर कचरा, बाई म्हणाल्या.

"आणि यावरून मी त्या वेळी पॅरिसपर्यंत तिच्याशी बोललो नव्हतो."

बाहेर बाकावर बसून ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग भर रस्त्यात, मोठ्याने, ब्रायडीला सॉरी म्हणाले. मी दुकानांच्या पाट्या वाचत राहिले.

काल दुपारी जेरी घरी, खुर्चीत बसल्या बसल्या गेले.

जेरी, ब्रायडी भेटली की या वेळी आधी तिचं ऐकून घ्या.

तुमच्या शेजारणीचा शेवटचा नमस्कार.