वाघरीचं पेशीपटल

परवा सांगलीच्या बाजारात ओल्या घोंगडीचा वास आला आणि आटपाडीच्या शाळेतलं विज्ञान प्रदर्शन आठवलं. सरांनी पेशीची प्रतिकृती करायला सांगितली होती, पण प्रत्येक भागाला घरातलीच उपमा हवी होती. आमचं घर म्हणजे मेंढरांचा तळ. म्हणून केंद्रकाच्या जागी मी म्होरक्या मेंढ्याची घंटा ठेवली, ऊर्जा देणाऱ्या तंतुकणिकांच्या जागी चुलीतले कोळसे, आणि पेशीपटल म्हणून सभोवती वाघर, म्हणजे रात्री कळपाभोवती लावतो ती जाळी. थोरली मेंढरं तिच्यात अडतात, तान्ही कोकरं मात्र खुशाल आत-बाहेर करतात. जुन्या वाघरीचा तुकडा आबांनीच, माझ्या वडिलांनी, कापून दिला होता. प्रदर्शनाच्या दिवशी कळप आईवर सोपवून ते धुतलेला पटका बांधून आले. टेबलांवर इतरांच्या पेशी म्हणून थर्माकोलचे कारखाने होते, किल्ले होते, घरातलं कुणाचंच नव्हतं, आणि माझी पेशी कुठंच दिसेना. “आपलं कुटं हाय गं?” आबांनी मला विचारलं. सरच हसत म्हणाले, “पाहुणे यायचेत ना, वास मारत होतं ते, म्हणून जिन्याखाली ठेवलंय.” आबा जिन्याखाली वाकले, वाघरीचा तुकडा काढून नाकाशी धरला. “व्हय सर, वास तर हाय,” एवढंच म्हणाले आणि घडी घालून तो बंडीच्या खिशात ठेवला. पुन्हा ते शाळेत कधी आले नाहीत. आता मी सांगलीत तोच धडा शिकवते. पुस्तकात पेशीपटलाला चाळणीची उपमा दिली आहे. चाळणीला कसलाच वास येत नाही.