लोकरीचं कडं

निरोप शेजारच्या किराणा दुकानातल्या फोनवर आला. पलीकडून आत्याच्या सासरचा, सांगवीचा कुणी पुतण्या बोलत होता. "दादा, हिराकाकी सुटली." मला त्या शब्दाचा भयंकर राग आला. सुटायला माझी आत्या काय दावणीला बांधलेली होती? त्याच रागात इंदापूरहून एसटीत बसलो. बारामती येईपर्यंत मात्र मनातल्या मनात कबूल केलं, की पोरगं काही चुकीचं बोललं नव्हतं. बांधलेलीच होती ती. संधिवातानं तिला एकेका सांध्यापासून बांधत आणलं होतं.

आत्याचं सासर मूळचं मेंढरांमागं फिरणारं. पुढं कालव्याच्या पाण्यावर ऊस आला, कळप विकला गेला. पण आत्याच्या डोक्यातला कळप काही विकला गेला नाही. घरातलं कोण जेवलं, कोण राहिलं, कुणाचं तोंड उतरलंय, हे तिला बसल्या जागी कळायचं. मी गेलो की म्हणायची, "या सायेब! इंदापुरात भाकरी महाग झाली जणू?" जीभ अशी चालती आणि हात मात्र मिटत चाललेले. आधी नुसती सकाळी बोटं आखडायची, ऊन चढलं की मोकळी व्हायची. मग ऊन चढलं तरी होईनात. भाकरी थापणं सुटलं, गुडघे वाकले ते वाकलेच राहिले, आणि सोप्यालगतची छोटी खोली हेच तिचं गाव झालं.

त्या खोलीचं दार वाऱ्यानं आपटलं की आतली खिट्टी आपोआप पडायची. एकदा सगळे उसाच्या लागणीला रानात गेलेले असताना ती अशी पडली. खिट्टी उचलायला दोन बोटं पुरतात, पण आत्याला तेवढीही बोटं नव्हती. सगळे परत आले, फटीतून काडी घालून खिट्टी उचलली, तेव्हा ती दाराला टेकून बसली होती, घसा बसलेला. "हाका मारून दमले, मग भायेरच्या शेळीसंगं बोलत बसले," एवढंच म्हणाली आणि हसली. मामांनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, घरात उरलेली लोकर वळून त्या खिट्टीला एक कडं बांधलं. त्यात मनगट घालायचं आणि वर उचलायचं. मला ते कडं बघवत नसे.

नव्वद सालानंतरची गोष्ट. बारामतीच्या एका दवाखान्यात पुण्याहून एक डॉक्टरीणबाई यायच्या. संधिवातावरच्या नव्या औषधाचा अभ्यास त्या करत होत्या. आत्याला मी तिथं नेलं. तिची धाकटी जाऊ शेवंतामामी सोबत होती. तिचीही बोटं नुकती सुजायला लागली होती, म्हणून तिलाही घेतलं. बाईंनी शांतपणे सगळं समजावलं. निम्म्या लोकांना खरं औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी नुसत्या पिठाची गोळी. कुणाला कुठली, ते शेवटपर्यंत त्यांनाही कळणार नाही. वेदनेच्या नेहमीच्या गोळ्या सगळ्यांनाच. दोघींनी माना डोलावल्या, दोघींना एकेक बाटली मिळाली.

आणि चमत्कार म्हणावा तसं झालं. दिवाळीला गेलो तर आत्यानं स्वतःच्या हातानं मला चहाचा कप दिला. निम्मा बशीत सांडला, पण दिला! "दार बघ," म्हणाली. खिट्टीवर कडं नव्हतं. तिनं ते स्वतःच विळीवर कापून टाकलं होतं. मला चारचारदा खिट्टी उचलून दाखवली, एखाद्या पोरीनं नवी बांगडी दाखवावी तशी. मी डोळे पुसत होतो आणि ती माझी टिंगल करत होती.

पुढच्या तपासणीला बाईंनी तिचे हात पाहिले, खूष झाल्या. शेवंतामामीला राहवलं नाही. मोठ्या अभिमानानं म्हणाली, "आमच्यात दुजाभाव न्हाय, बाई. घरी गेलं की दोनी बाटल्या पानाच्या डब्यात वततो. त्यातलंच दोघी घेतो."

बाईंचा चेहरा उतरला. "असं का केलंत?"

आत्या म्हणाली, "एकीची पिठाची निघाली तर? कळपात एकीला औषिद पाजायचं आन् दुसरीला कोरडं ठिवायचं, ह्ये आमच्यात हुत न्हाय."

"मग मला गुण कशानं आला?" हेही तिनंच विचारलं. बाई म्हणाल्या, "तेच आता सांगता येणार नाही, हिराबाई..." नियम होता, दोघींनाही अभ्यासातून काढावं लागलं. बाईंनी बाजारात मिळणारी औषधं लिहून दिली, मनगटाला बांधायच्या पट्ट्या दिल्या, पुढं कितीतरी वर्षं तपासलं. त्यांना मी दोष देत नाही. पण पुढच्या उन्हाळ्यापर्यंत आत्याचे हात पुन्हा मिटले. नवं कडं शेवंतामामीनं वळलं. मामीची बोटं मात्र साध्या औषधांवरच सरळ राहिली.

त्यानंतर त्या घरात दोन बायका अडकल्या. आत्या खोलीत, आणि मामी आत्याभोवती. माहेरी जाईना, लग्नाकार्याला जाईना. न्हाऊ घाल, भरव, कूस बदल. आत्या चिडायची, "आगं जा की कुठंतरी, माजी राखण करायला बसलीस व्हय?" एकदा परड्यात मामी मला म्हणाली, "मी त्वांड उघडलं नसतं तर..." आत्यानं मात्र त्याबद्दल तिला जन्मात एक शब्द बोलून दाखवला नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं मला आता वाटतं.

तेराव्यानंतर मनगटाच्या पट्ट्या परत द्यायला मी बारामतीला गेलो. डॉक्टरीणबाईंनी त्या हातात घेऊन उलटसुलट पाहिल्या. मग म्हणाल्या, "अभ्यास संपल्यावर कुणाची बाटली कुठली ते उघड झालं होतं. हिराबाईंची पिठाची होती. खरं औषध शेवंताबाईंच्या बाटलीत होतं." ते औषध पुढं आलंच नाही, काही रोग्यांच्या यकृताला ते सोसेना म्हणून बंद झालं, हेही सांगितलं.

मी धावतच सांगवी गाठली. मला वाटलं, मामीच्या छातीवरचा धोंडा उतरवायला निघालोय. ती आत्याच्याच खोलीत बसली होती, रिकाम्या खाटेशी. मी सगळं सांगितलं. म्हटलं, "मामी, तिला जे चार दिवस मिळाले ते तुमच्या वाट्यातले. वाटून घेतलंत म्हणून मिळाले. आणि औषध तर पुढं बंदच झालं, तुम्ही बोलला नसता तरी."

मामी खाटेच्या सुंभावरून हात फिरवत राहिली. "म्हंजी माज्या बाटलीत व्हतं..." म्हणाली. "मग आधी कळलं असतं आन् बंद हुईस्तवर गप बसले असते तर माजा वाटाबी सगळा तिलाच दिला असता की."

मी निघायला उठलो. मघाशीच दार आपटून खिट्टी पडली होती. माझ्याआधी मामी उठली. तिची बोटं चांगली सरळ, धडधाकट. पण तिनं मूठ मिटली, लोकरीच्या कड्यात मनगट घातलं आणि खिट्टी उचलली.