ट्रॅक्टरचे पंख घेऊन बडोद्याहून लाहौलला

नितीनचा फोन आला तेव्हा मी आणि माझा नवरा विवेक मकरपुऱ्यातल्या आमच्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये होतो. नितीन माझा धाकटा भाऊ. तो आणि त्याची बायको सायली लाहौलमधल्या एका गावात होमस्टे चालवतात.

"ताई, बर्फ उडवायचं जुनं मशीन मिळालं, पण ते ट्रॅक्टरपेक्षा अरुंद आहे. भावजींना म्हणावं, त्याला दोन्ही बाजूंनी पंख करून द्या."

मशीन ट्रॅक्टरच्या मागे बसतं. ट्रॅक्टर उलटा चालवायचा, की मशीनच्या तोंडातलं फिरतं पातं बर्फ ओढून घेतं आणि नळकांड्यातून लांब फेकतं. पण चाकं तोंडापेक्षा रुंद असली तर ती न कापलेल्या बर्फावर चढतात आणि ट्रॅक्टर रुततो. म्हणून पंख हवेत, म्हणजे कडेचा बर्फ तोंडाकडे सारणारे, बाहेर फाकलेले दोन पोलादी पत्रे.

हे एवढं निकडीचं का होतं, ते सांगते. मागच्या हिवाळ्यात सायलीला पाचवा महिना होता. तिच्या पोटात दुखू लागलं, तेव्हा घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंतची वाट बर्फाखाली गेलेली होती. गावकऱ्यांनी तिला खाटेवर घालून खांद्यावरून नेलं. बाळ राहिलं नाही. यंदा तिने नितीनला एवढंच सांगितलं होतं, "वाट उघडी राहिली तर मी राहीन."

नितीनने पाठवलेल्या मापांवरून विवेकने पंख बनवले. ताडपत्रीत गुंडाळून ते गाडीच्या टपावर बांधले आणि आम्ही निघालो. सोबत बडोद्याचा ओलसर लीलो चिवडा आणि तिखट पुऱ्या होत्या. शामळाजी, उदयपूरमार्गे अजमेरपर्यंत रस्ता उत्तम, टोल मात्र भरपूर. उदयपूरच्या पुढे एका ढाब्यावर दाल-बाटी खाताना मालकाने टपाकडे बोट दाखवलं.

"ये क्या ले जा रहे हो?"

"पंख," विवेक म्हणाला.

"हवाई जहाज के?"

सगळ्या प्रवासात आम्ही खळखळून हसलो ते तेवढंच.

पहिला मुक्काम अजमेर, दुसरा चंदीगड, तिसरा मनाली. वाटेत कुल्लूला गरम सिड्डू, म्हणजे सारण भरून वाफवलेले पाव, आणि तूप जरूर खा. हिवाळ्यात जाणार असाल तर आपली गाडी मनालीलाच ठेवा. पुढे डोंगराखालून जाणाऱ्या लांब बोगद्यापलीकडे चाकांना साखळ्या बांधलेली स्थानिक जीप लागते. भाडं बर्फ पाहून ठरतं, घासाघीस करायला फारसा वाव नसतो.

सायलीने दारातच मला मिठी मारली. किती वाळली होती! बडोद्यातल्या फतेगंजच्या माहेरातून सासरी आलेली बडबडी मुलगी ती हीच का, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी विवेक आणि नितीनने पंख बसवले. ताजा, पिठासारखा बर्फ होता. ट्रॅक्टर मागे सरकत गेला, पांढरा फवारा उंच उडाला आणि दोन्ही चाकांना पुरेल एवढी स्वच्छ वाट उरली. नितीन ट्रॅक्टरवरूनच ओरडला, "सायली, बघ!" ती खिडकीत उभी होती. ती हसली. मी तर मनातल्या मनात तिचं पुढचं बाळंतपणही करून टाकलं.

मग दोन दिवस सतत बर्फ पडला, वर जोराचा वारा. उघडलं तेव्हा वाटेवर बर्फाची भिंत होती, दगडासारखी दाबलेली.

"हळू घे," विवेक सांगत होता. "पंखांमुळे बर्फ जास्त येतोय. मशीनला झेपणार नाही."

"थोडंच राहिलंय, भावजी!"

थोडं राहिलं नव्हतं. डावा पंख कडेच्या गोठलेल्या दगडात अडकला, ट्रॅक्टरने जोर केला आणि पंखाबरोबर मशीनचं तोंडच वाकलं. पातं पत्र्यात रुतून बसलं. पंखांशिवाय जे थोडंफार चालत होतं, तेही आता चालेना. भर वाटेत ट्रॅक्टर आडवा, आणि नितीन उघड्या हातांनी तो पत्रा सरळ करायला बघत होता.

विवेकने त्याला धरून उठवलं. "माझ्या पत्र्याने घात केला रे," तो म्हणाला.

सायलीने त्याच संध्याकाळी बॅग भरली. भांडण नाही, रडणं नाही.

"ताई, मी तुमच्याबरोबर येते. चालेल ना?"

मी नितीनकडे पाहिलं. तो म्हणाला, "जाऊ दे तिला." त्याला सोबत चल म्हटलं, तर म्हणाला, "ट्रॅक्टर असा टाकून कसा येऊ?"

सकाळी गावकऱ्यांनी फावड्यांनी माणूस जाईल एवढा चर काढला. त्यातून आम्ही एकामागे एक निघालो. सायलीने मागे वळून पाहिलं नाही. मी पाहिलं. नितीन ट्रॅक्टरजवळ उभा होता, हात वर केलेला.

परतीच्या वाटेचं काय सांगू? जेवणं झाली, मुक्काम झाले. बडोद्यात शिरून अकोट्याचा पूल ओलांडल्यावर सायली पहिल्यांदा आपणहून बोलली, "मला आईकडे सोडा."

या प्रवासातून माझ्याकडे काय उरलं, हे स्वतःला विचारते तेव्हा ते सिड्डू नाहीत, बोगद्यानंतरचे ते अफाट डोंगरही नाहीत. खिडकीतलं तिचं ते एका सकाळचं हसू उरलंय. ते आम्हीच तिला दिलं होतं, म्हणून जास्त सलतं.

एप्रिलमध्ये नितीनचा फोन आला. आवाजात उत्साह होता. "ताई, वाट पूर्ण मोकळी झाली. सायलीला सांगशील?"

मी फतेगंजला जाऊन सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"उन्हाने बर्फ वितळला, ताई," ती म्हणाली. "पुढच्या जानेवारीत काय?"

नितीन रोज फोन करतो. तिचं उत्तर मी त्याला अजून सांगितलेलं नाही.